'पांको' लिहा, 'पँकोव' नको. आणि 'पंक' तर नकोच

प्रश्न असा आला आहे: "बर्लिनच्या उत्तरेकडच्या 'पँकोव' या उपनगराचं नाव मराठीत कसं लिहावं? आणि ते संस्कृत 'पंक' म्हणजे चिखल यावरून आलं, हे खरं का?"

लिहावं 'पांको'. मूळ Pankow मधला शेवटचा डब्ल्यू मुका आहे. तरी वर्तमानपत्रांत, प्रवासवर्णनांत 'पँकोव', 'पॅन्कोव्ह', 'पान्काऊ' असं काहीही छापलं जातं. 'पँ' हा इंग्रजी वाचनाचा परिणाम. जर्मन स्वर आपल्या 'आ'च्या जवळचा, फक्त आखूड. 'पान्को' असं न् फोडूनही लिहू नये. मराठीत पुढे क आला की अनुस्वाराचा ङ आपोआप होतो ('शंका', 'अंक'), आणि जर्मनमध्येही इथे नेमका तोच ङ आहे. आपला अनुस्वार इतका चोख बसत असताना जोडाक्षराचा खटाटोप कशाला? आघात पहिल्या अक्षरावर. विभक्तीही सोपी: पांकोत, पांकोला, पांकोचा.

हाच नियम बर्लिनच्या आसपास सगळीकडे लावा: ट्रेप्टो, रूडो, बुको, कारो, गाटो, टेल्टो. पुढे प्रत्यय लागला तरी डब्ल्यू जागा होत नाही, म्हणून बाग 'ट्रेप्टोअर पार्क' आणि पांकोचा रहिवासी 'पांकोअर'. आडनावांचंही तेच. वैद्यकाचे विद्यार्थी रोज ज्यांचं नाव घेतात त्या रुडॉल्फ फिर्ह्यो यांना 'विर्चॉव' म्हणणं आता तरी थांबावं.

हा डब्ल्यू म्हणजे 'ओ' लांबवायची नुसती खूण, असं पुष्कळ जर्मन मार्गदर्शिका छापतात. आजच्या वाचनापुरतं ते चालेल, पण इतिहास म्हणून ते चूक आहे. जर्मन वसाहतकार येण्याआधी या भागात स्लाव्ह लोक राहत होते, आणि 'ओव्' हा त्यांचा प्रत्यय: मालकी किंवा संबंध दाखवणारा, आपल्या 'चा-ची-चे'सारखा. पांके ही नदी; तिच्या काठचं ते 'पांकेचं' गाव. उत्तरेकडच्या सखल जर्मन बोलीत या 'ओव्'मधला व् गळून नुसता ओ उरला, दक्षिणेकडे त्याच प्रत्ययाचा 'आऊ' झाला. त्स्विकाऊ आणि टोरगाऊ ही त्याची उदाहरणं. खुद्द बर्लिनचं श्पांडाऊ आधी डब्ल्यूनेच लिहीत, 1878 साली अधिकृत लेखन 'आऊ' झालं. नुसती लांबीची खूण असती तर तिचा कुठे 'आऊ' झाला असता का? पोलंडमध्ये प्रत्यय अजून जिवंत आहे, तिथे क्राकुफचा डब्ल्यू 'फ' म्हणून स्पष्ट ऐकू येतो.

या 'फ'नं एकदा राजकारणही केलं. 1949 पासून पूर्व जर्मनीचे पहिले अध्यक्ष व्हिल्हेल्म पीक यांचं कार्यालय पांकोलगतच्या नीडरश्योनहाउझेनच्या राजवाड्यात होतं. प्रशियाचा राजा फ्रीडरिश दुसरा याची राणी एलिझाबेथ क्रिस्टीन उन्हाळ्यात राहायची तोच हा वाडा. पुढारीही शेजारच्याच बंदिस्त वसाहतीत राहत. त्यामुळे पश्चिम जर्मनीत 'पांको' म्हणजेच पूर्वेचं सरकार, असा अर्थ रूढ झाला. तिथले चॅन्सेलर आडेनाउअर मात्र मुद्दाम 'पांकोफ' म्हणत, म्हणजे नाव रशियन वाटावं.

आता 'पंक'. आधी ध्वनिनियम बघू. संस्कृत प जर्मनमध्ये फ होतो: पितृ–फाटर, पंच–फ्युन्फ, पशु–फी, पूर्ण–फोल. पण पांको हे नाव स्लाव्ह, आणि स्लाव्ह भाषांत प तसाच टिकतो. म्हणून पांकोचा संबंध 'पंक'शी जोडायचा मोह एका फटक्यात मोडत नाही. तरीही तो सोडावा. पोलिशमध्ये 'पोंक' म्हणजे कळी, बोंड. मूळ अनुनासिक स्वराचा तो शब्द. रशियनमध्ये अनुनासिक गेला आणि 'पुक' म्हणजे जुडी उरली. पांकेच्या नावातला ङ त्या जुन्या अनुनासिकाचा अवशेष आहे, असं मी मानतो: काठावर कळ्यांची, गुच्छांची झुडपं असलेला ओढा. भोवऱ्यांची नदी असा अर्थही सांगतात. सपाट मुलखातल्या जेमतेम 29 किलोमीटरच्या ओढ्याला भोवऱ्यांवरून नाव पडावं, हे मला पटत नाही. चिखलाला पोलिशमध्ये 'बुओतो' हा वेगळाच शब्द आहे.

खरी गंमत पुढे आहे. 'पंक'चा नातलग बर्लिनमध्ये आहे, पण तो पांको नव्हे. तो 'फेन'. बर्लिनभोवतालच्या ब्रांडेनबुर्गकडे दलदलीला फेन म्हणतात. गॉथिक या जर्मनच्या जुन्या नातलग भाषेत 'फानी' म्हणजे चिखल, लुप्त झालेल्या जुन्या प्रशियन भाषेत 'पानेआन' म्हणजे दलदल, आणि आपला पंक: सगळे एका मुळाचे. ग्रुनेवाल्ड जंगलात हुंडेकेलेफेन आहे, लिश्टेनबेर्गमध्ये फेनफूल नावाचा भागच आहे. 'फूल' म्हणजे डबकं.

नकाशा उघडून पांकेच्या वाटेनं जा. नदी बेर्नाऊजवळ बार्निमच्या पठारावर उगम पावते आणि नैऋत्येला बूख, कारो, ब्लांकेनबुर्ग, पांको करत वेडिंगमध्ये उतरते. तिथे ती नोर्डहाफेनपाशी बर्लिन–श्पांडाऊ कालव्याला मिळते. त्याच ठिकाणी कालव्यावर पूल आहे, फेनब्र्युके. त्याला येऊन मिळतो तो रस्ता फेनश्ट्रासे. दलदल बुजली, नाव राहिलं. पांकेच्या मुखाशी पंकाचा भाऊ उभा आहे, आणि लोक त्याला सोडून पांकोच्या नावात पंक शोधतात!

'उपनगर' शब्दाबद्दल थोडक्यात. 1311 साली प्रथम नोंदलेलं पांको कायद्यानं खेडंच होतं, 1903 मध्ये भव्य नगरभवन पूर्ण झालं तरीही. त्याच्या वास्तुकाराचं आडनावही योहो, शेवटी तोच मुका डब्ल्यू. 1 ऑक्टोबर 1920 ला 8 शहरं, 59 ग्रामसंस्था आणि 27 जमीनदारी मुलूख जोडून मोठं बर्लिन झालं, तेव्हा पांको शहरात आलं. 2001 मध्ये प्रेन्त्सलाउअर बेर्ग आणि व्हायसेनझे त्यात मिळाले. आता पांको नावाच्या प्रभागात 13 भाग आणि 4 लाखांहून अधिक वस्ती आहे. तेव्हा जुन्या गावठाणाच्या भागाला 'उपनगर' म्हणा, अख्ख्या प्रभागाला नको. प्रेन्त्सलाउअर बेर्गची दाट चाळवजा वस्ती कुठल्याही अर्थानं उपनगर नाही.

आणि 'फेन' वाचून कुणाला संस्कृत 'फेन' म्हणजे फेस आठवेल, तर तोही घोळ करू नका. त्या फेसाचा जर्मन नातलग वेगळा, 'फाइम'.