लंडन ते टोकियो विमानाने १२ तास की १४ तास?

तुमचा प्रश्न असा आहे की लंडन-टोकियो अंतर साधारण ९,६०० किलोमीटर, मग कुठे १२ तास लिहिलेलं दिसतं आणि तिकिटावर मात्र १४ तास, ते का? तिकिटावरचं धरून चाला. १२ तासांचा हिशेब फेब्रुवारी २०२२ पूर्वीचा आहे.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघाच. सपाट नकाशावर वाट मध्य आशियातून जाईलसं वाटतं. पण दोरा स्कँडिनेव्हियावरून वर चढतो, सायबेरियाच्या पार उत्तरेला टेकतो आणि मग जपानकडे उतरतो. ९,६०० किलोमीटर ती ही वाट, आणि तिचा बहुतेक भाग रशियावरून जातो. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटन आणि रशियाने एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. जपानी कंपन्यांनीही तो मार्ग सोडला. विमानाचा वेग तोच, ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास, वळसा वाढला. सर्वांत जास्त फटका फिनलंडच्या राजधानीला, हेलसिंकीला बसला. तिथून टोकियो साडेनऊ तासांवर होतं, ते १३ तासांवर गेलं.

मला यातला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे जायची आणि यायची वाट वेगळी असू शकते. टोकियोला जाताना विमानं सहसा तुर्कस्तान, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन अशी जातात, कारण उंचावरचे पश्चिमेचे वारे पाठीशी असतात. हिवाळ्यात जपानवर हा वारा ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. परतताना तोच वारा तोंडावर घ्यायचा म्हणजे वेळ आणि इंधन दोन्ही जाणार. म्हणून बरीच विमानं टोकियोहून उलट पूर्वेला निघतात आणि अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड करत लंडनला पोचतात. समोरच्या पडद्यावर विमान पॅसिफिककडे वळलेलं दिसलं तर घाबरू नका. किलोमीटर जास्त पडले तरी चालतात, घड्याळ महत्त्वाचं. शीतयुद्धातही सोव्हिएत आकाश टाळायला हीच दिशा धरत. १९५७ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने कोपनहेगन-टोकियो सेवा अलास्कातल्या अँकरेजला थांबा घेऊन सुरू केली होती.

आता तुमच्या कामाचं. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करू नका, दोन्ही वेळा स्थानिक असतात. टोकियो लंडनच्या ९ तास पुढे, उन्हाळ्यात ८. हिवाळ्यात लंडनहून सकाळी ९ ला निघून १४ तास उडालात, तर टोकियोत दुसऱ्या दिवशी सकाळचे ८ वाजलेले असतील. परतताना मात्र सकाळी निघून त्याच दिवशी दुपारी उतरता. तिकिटावर ‘प्रवासाचा कालावधी’ वेगळा दिलेला असतो, तो बघा. त्यात एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्या विमानतळाच्या गेटपर्यंतचा, म्हणजे धावपट्टीपर्यंत जाण्याचाही वेळ धरलेला असतो. लंडनहून पुढचं विमान पकडायचं असेल तर मधे निदान तीन तास ठेवा, आणि ते वेगळ्या तिकिटावर असेल तर त्याहूनही जास्त.