आधी ते कुलूप काढा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावीत, कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेत १६००पैकी १४८०. तिने कॉम्प्युटर सायन्स घ्यावं असं यांना वाटतं, तिला अमेरिकन गायिका मिट्स्कीसारखी स्वतःची गाणी लिहून गायची आहेत. मे महिन्यातल्या एपी, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा होईपर्यंत त्यांनी तिची गिटार बेसमेंटमधल्या कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. ‘हे खूळ डोक्यातून कसं काढू?’ असं विचारतात.

साहेब, तुमच्या पत्रात १४८० हा आकडा तीनदा आलाय. मुलीच्या गाण्यातली एक ओळ मात्र कुठेच नाही. एखादं ऐकलंय तरी का? ‘हल्ली ताट खोलीत घेऊन जाते, पण अभ्यास चालू आहे,’ असं तुम्ही लिहिता. मला त्या ‘पण’चीच धास्ती वाटली. सतरा वर्षांची पोर घरात बोलेनाशी झाली आहे, आणि तुम्ही त्यातलं जमेचं तेवढं मोजताय.

१४८० उत्तम आहे. एपी द्या, कॉम्प्युटर सायन्सचे अर्जही भरा.

‘असल्या मुली शिक्षण सोडून बारमध्ये गात बसतात,’ हे तुमचं वाक्य मात्र साफ चूक आहे. मिट्स्की आधी न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात सिनेमा शिकायला गेली. तिथून ती पर्चेस कॉलेजात आली. हे न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी विद्यापीठाचं कॉलेज. तिथे तिने स्टुडिओ कॉम्पोझिशन, म्हणजे संगीत रचून ते रेकॉर्ड करण्याचा अभ्यासक्रम घेतला. २०१२ आणि २०१३चे तिचे पहिले दोन अल्बम तिने विद्यार्थिनी असतानाच केले आणि स्वतःच काढले. दुसऱ्यात तर साथीला कॉलेजच्याच मुलांचा ऑर्केस्ट्रा होता. त्याचं नाव ‘रिटायर्ड फ्रॉम सॅड, न्यू करिअर इन बिझनेस’. निदान नाव तरी तुम्हाला आवडेल! गंमत म्हणजे या दोन्हींत मुख्य वाद्य पियानो. गिटार पुढे आली ती २०१४च्या तिसऱ्या अल्बममध्ये, आणि तो एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने काढला.

हे तुमच्या मुलीलाही वाचून दाखवा, कारण तिलाही घाई दिसते. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत मिट्स्कीचं गाणं पहिल्यांदा लागलं २०२३ साली. म्हणजे पहिल्या अल्बमनंतर अकरा वर्षांनी. तेवढा काळ घरभाडं कसं भरणार, हा प्रश्न तिला जरूर विचारा. तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फीसुद्धा आधीच बघा, न्यूयॉर्कच्या रहिवाशांचा दर न्यू जर्सीवाल्यांना आपोआप लागू होत नाही.

आणि अशा अभ्यासक्रमाच्या अर्जासोबत स्वतःच्या रचना रेकॉर्ड करून पाठवाव्या लागतात. तिची ही तयारी तुम्ही कपाटात कोंडून ठेवली आहे. आज रात्री किल्ली तिच्या हातात द्या आणि एक गाणं पूर्ण ऐका, मध्ये न बोलता. कॉलेजांची यादी घेऊन मग दोघं मिळून या. तुम्ही एकटे येऊ नका.