पंचरूममधून कार्डं आली का?

प्रश्न : माझी मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तुम्ही सत्तरच्या दशकात मुंबईत कोबोल या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत होता. टेबलावर कॉम्प्युटर नसताना दिवसभर करत काय होता?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लिहीत होतो आणि खोडत होतो. आमच्या ईडीपी (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग), म्हणजे कॉम्प्युटरच्या डिपार्टमेंटमध्ये टेबलावर कोडिंग शीटचं पॅड, पेन्सिल आणि खोडरबर. मशीन काचेपलीकडच्या एसी खोलीत. शीटवरच्या एका ओळीचं एक कार्ड, मशीनला वाचता यावं म्हणून भोकं पाडलेलं. कार्डावर ८० कॉलम, एका कॉलमात एक अक्षर. पहिल्या ६ कॉलमांत अनुक्रमांक, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तरी सॉर्टर या मशीनवर पुन्हा क्रमाने लावता येई. शून्य आणि ओ यांत गफलत नको म्हणून शून्याला तिरपी रेघ मारायची.

शीट पंचरूममध्ये, म्हणजे कार्डांना भोकं पाडायच्या खोलीत जायची. तिथल्या मुलींबद्दल मला आवर्जून सांगायचंय, कारण त्या काळाच्या आठवणींत त्या कुठेच दिसत नाहीत. एकीने कार्ड पंच केलं की दुसरी तेच शीट पाहून व्हेरिफायरवर सगळं पुन्हा टाइप करी. जुळलं नाही की मशीन अडायचं. खडखडाट एवढा, की बोलायला कानाशी जावं लागे. त्यांना कोबोल कुणी शिकवलं नव्हतं, तरी एखादी शीट घेऊन यायची, "मॅडम, इथे फुलस्टॉप हवाय ना?" आणि तो हवाच असायचा! फुलस्टॉप राहिला तर 'इफ'ची अट पुढच्या भलत्या ओळींनाही लागू होते, आणि पगारपत्रकात कुणाचा तरी भत्ता उडतो. त्यांचा पगार मात्र आमच्याहून बराच कमी. तो अन्याय होता, असं मी आजही म्हणेन.

दिवसा मशीनवर पगार, बिलं, स्टॉक. आमच्या टेस्टिंगला रात्रीची वेळ, रिझल्ट सकाळी. एका चुकीत अख्खा दिवस जाई, म्हणून आधी कागदावर ड्राय रन करायचो, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीने स्वतःच चालवून बघायचो, तोही शेजारच्याला समोर बसवून.

मुलीला वायटूकेबद्दलही सांगा, म्हणजे वर्षाचे दोनच अंक ठेवल्यामुळे कॉम्प्युटर २००० साल १९०० समजतील, या भीतीबद्दल. एका कार्डात नाव, विभाग, मूळ पगार, कपाती सगळं बसवायचं. तेव्हा आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असलेल्या आयबीएम १४०१ ची मेमरी जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. त्यामुळे वर्षाला दोनच अंक दिले जात. पुढे लोकांनी त्याला निष्काळजीपणा म्हटलं, ते मला पटत नाही. तेव्हा एकेक कॉलम मोजून वापरला जात होता.