केनियातली ग्रीन बेल्ट चळवळ, म्हणजे गावोगावच्या बायकांनी झाडं लावण्याची चळवळ, इतकी टिकली कशी?
माझ्या मते मोबदल्याच्या पद्धतीमुळे. रोप लावलं म्हणून नव्हे, ते जगलं तरच बाईला पैसे मिळायचे. रक्कम अगदी थोडी, पण पाणी घालणं, शेळ्यांपासून राखणं आपोआप आलं. एरवी वृक्षारोपणं फसतात ती इथेच: खड्डे मोजले जातात, जगलेली झाडं नाही. चळवळीच्या संस्थापक वांगारी मथाई यांनी १९७७ मध्ये नैरोबीत लावलेल्या पहिल्या ७ झाडांपैकीही बरीच मेली होती. वनअधिकाऱ्यांचं प्रशिक्षण किचकट वाटलं, तेव्हा बायकांनी आसपासच्या झाडांचं बी गोळा करून फुटक्या मडक्यांतसुद्धा रोपं वाढवली. रांगेनं किमान हजार झाडं, तो एक पट्टा, म्हणजेच ‘बेल्ट’. १९८९ मध्ये नैरोबीतल्या उहुरू पार्क या सार्वजनिक बागेत ६० मजली इमारतीचा घाट घातला गेला. मथाईंनी पत्रांचा भडिमार केला आणि ती इमारत झालीच नाही.