रात्री बटण बंद, मग साफसफाई कधी?

प्रश्न : मी घरी बसून काही दुकानांचे हिशेब लिहिते. विंडोज ११ चा कंप्युटर हल्ली मध्येच अडकतो. दुरुस्तीवाला आला की फॉरमॅटचंच सांगतो. मी रोज रात्री शट डाउन करून भिंतीवरचं बटणही बंद करते. मुलगा पुण्याहून म्हणतो, 'आई, काळ्या खिडकीत एसएफसी चालव.' ते काय असतं? हिशेब तर उडणार नाहीत ना?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : ताई, आपल्या इंदुरात रस्ते झाडणारी यंत्रं रात्री फिरतात. विंडोजनेही देखभालीची वेळ रात्री २ची ठेवली आहे, आणि तेव्हा तुमचं बटण बंद! चुकलेलं काम ते पुढे कंप्युटर रिकामा दिसला की उरकायला बघतं, पण तुम्ही दिवसभर त्याच्यावरच बसलेल्या. तेव्हा रविवारी दुपारी हातानेच करा. बटण बंद करायची सवय मोडायला मी सांगणार नाही. विजेचं बिल तुम्ही भरता.

आधी हिशेबांची एक प्रत पेनड्राइव्हवर. ती झाल्याशिवाय पुढचं वाचूच नका.

स्टार्टमध्ये सीएमडी (cmd) टाइप करा, वर कमांड प्रॉम्प्ट दिसेल. हीच मुलाची काळी खिडकी. त्यावर उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. नुसतं उघडलंत तर एसएफसी चालायलाच नकार देतं. कमांड, म्हणजे या खिडकीत द्यायचे हुकूम, कंसात दिल्याप्रमाणे इंग्रजी अक्षरांतच लिहायच्या, आणि प्रत्येक तिरक्या रेघेआधी जागा सोडायची, नंतर नाही.

मुलाने सांगितलेलं 'एसएफसी /स्कॅननाऊ' (sfc /scannow) विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासतं आणि बिघडलेली फाइल साठ्यातल्या चांगल्या प्रतीने बदलतं. तुमच्या हिशेबांना ते हात लावत नाही. पण तो साठाच खराब असेल तर? म्हणून त्याआधी 'डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' (dism /online /cleanup-image /restorehealth) चालवा; ते साठाच दुरुस्त करतं. इंटरनेट चालू हवं, कारण चांगल्या फायली ते अपडेटमधून आणतं. टक्केवारीचा आकडा मध्येच बराच वेळ हलत नाही. बंद पडलं समजून लोक खिडकी मिटतात आणि सगळं पहिल्यापासून. तुम्ही चहा टाका.

मग 'डीफ्रॅग सी: /ओ' (defrag c: /o). एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क, असेल तर ट्रिम, म्हणजे कुठली जागा रिकामी झाली ते तिला कळवणं; जुनी फिरती डिस्क असेल तर फायलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं. काय करायचं ते त्याचं तेच ठरवतं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारी फुकट सॉफ्टवेअरं मात्र माझ्या मते घरात घेऊच नयेत.

शेवटी डिस्कची तपासणी : 'सीएचकेडीएसके सी: /स्कॅन' (chkdsk c: /scan). ही काम चालू असतानाच होते. /स्कॅनऐवजी /एफ (/f) लिहिलंत तर दुरुस्ती पुढच्या वेळी कंप्युटर सुरू होताना करू का, असं विचारेल. वाय (Y, म्हणजे हो) दाबलं की कंप्युटर तासन्‌तास अडकू शकतो, म्हणून २० तारखेच्या जीएसटी रिटर्नच्या आदल्या रात्री ते नको. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातली एकही कमांड न चालवता नवी डिस्क घ्या.