दिल मागा, काळीज नको

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : डुकराचं हृदय

गेल्या अंकात कलेजीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत बरीच विचारणा डुकराच्या हृदयाबद्दल होती. उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हृदय आणि कलेजी दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली असतात, पण हृदय हा स्नायू आहे. जन्मल्यापासून एक क्षणही न थांबलेला स्नायू. ते कलेजीसारखं शिजवलं तर बिघडतं, आणि कलेजीचे फायदे-तोटे त्याला चिकटवले तरी हिशोब चुकतो.

दुकानात 'काळीज' मागितलं तर कलेजी बांधून दिली. हृदयाला नेमकं काय म्हणायचं? आणि ताजं कसं ओळखायचं? (वसई)

चूक दुकानदाराची नाही. बोलताना आपण काळजाला हात लावतो तेव्हा हृदय म्हणायचं असतं, पण मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे कलेजी. मुंबई-पुण्याकडे हृदयासाठी सरळ 'दिल' म्हणा. गोव्यात गोष्ट उलटी: कोकणीत काळीज म्हणजे हृदयच. म्हणून मडगाव किंवा म्हापशाच्या बाजारात बोट दाखवून घ्यावं हे बरं. शहरात डुकराचं मटण बहुतेक वेळा 'कोल्ड स्टोरेज' म्हणवल्या जाणाऱ्या दुकानांत मिळतं. तिथे दिल रोज बाहेर मांडलेलं नसतं, आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

एका दिलाचं वजन साधारण २५० ते ४०० ग्रॅम. रंग गडद लाल, पृष्ठभाग ओलसर पण बुळबुळीत नाही. बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून यायला हवा. वरच्या बाजूची चरबी पांढरी असावी. पिवळट, मऊ पडलेली असेल तर सोडून द्या. दिल आधीच उभं चिरलेलं दिसलं तर नाक मुरडू नका. कत्तलखान्यात तपासणीसाठी ते उघडतातच, आणि उघडलेलं दिल आतून पाहूनही घेता येतं. आंबूस किंवा अमोनियासारखा वास आला तर व्हिनेगरने तो झाकायचा विचारही करू नका.

साफ करताना किती आणि काय काढून टाकायचं? आतल्या दोऱ्या कापता कापता अर्धा दिल वाया जातो. (पुणे)

अर्धा जाण्याचं कारण नाही. ३०० ग्रॅमच्या दिलातून नीट काढलं तर ५० ते ७० ग्रॅम जातात.

दिल फळीवर असं ठेवा की टोक तुमच्याकडे आणि रुंद, नळ्यांची बाजू पलीकडे. नळ्या म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्या. त्या पांढऱ्या, रबरी असतात आणि तासन्‌तास शिजवूनही चावल्या जात नाहीत. जिथे त्या मांसात शिरतात तिथून सुरी आडवी फिरवून सगळा वरचा भाग उतरवा. त्याबरोबर दोन पातळ, कानासारखे कप्पेही सुटतात. ते खाण्याजोगे असतात. बारीक चिरून रस्स्यात टाका.

आता उभा छेद देऊन दिल पुस्तकासारखं उघडा. आत काळे, जेलीसारखे रक्ताचे गोळे असतील, ते बोटाने खरवडून नळाखाली धुवा. उग्र वास आणि कडसर चव बहुतेक यांच्यामुळेच येते. झडपा पातळ पापुद्र्यासारख्या दिसतात आणि त्यांना बांधून ठेवणारे पांढरे दोरे भिंतीपर्यंत गेलेले असतात. दोरा जिथे मांसाला लागतो तिथे कात्रीने कापा. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. दोऱ्याच्या मुळाशी मांसाचा जो उंचवटा असतो तोही लोक कापून फेकतात, आणि तो तर चांगला मऊ भाग. बाहेरच्या बाजूला पारदर्शक चिवट पडदा असेल तर सुरीचं टोक खाली घालून ओढून काढा. चरबी रस्स्यासाठी थोडी ठेवा, परतायचं असेल तर सगळी काढा.

मग १ लिटर थंड पाण्यात १ मोठा चमचा मीठ घालून तासभर फ्रिजमध्ये भिजत ठेवा. पाणी लाल झालं तर एकदा बदला. रात्रभर भिजवू नका, मांस फिकट आणि पाणचट होतं.

उघडलेल्या दिलाकडे नीट पाहिलं तर एक बाजू जाड दिसेल, दीड-दोन सेंटिमीटरची, आणि दुसरी तिच्या निम्म्याहून पातळ. दोन्ही वेगळ्या करून ठेवा. एकत्र शिजवल्या तर एक होईपर्यंत दुसरी वाळते.

कुकरच्या चार शिट्ट्या केल्या तरी रबरासारखं राहिलं. परतून पाहिलं तर त्याहून वाईट. आमचं काय चुकतंय? (नागपूर)

तुम्ही दोन्ही वेळा अधल्यामधल्या वेळेला गॅस बंद केलात. दिलाचे तंतू बारीक आणि एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात. उष्णता लागली की ते आवळतात आणि पिळल्यासारखं पाणी बाहेर टाकतात. तंतूंना बांधून ठेवणारा चिवट भाग विरघळायला मात्र बराच वेळ लागतो. म्हणून एक तर आवळायच्या आत उतरवा, नाही तर विरघळेपर्यंत थांबा. साध्या भांड्यात १० ते ४० मिनिटं हा सगळ्यात वाईट पट्टा. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही, मोठ्या आचेवर चार शिट्ट्या सात-आठ मिनिटांत होऊन जातात.

झटपट पद्धत फक्त जाड भिंतीसाठी. मांस ४० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे घट्ट होतं आणि ४ मिलिमीटरच्या पट्ट्या सरळ कापता येतात. दिलाचे तंतू गोल वळत गेलेले असतात, त्यामुळे 'धाग्याच्या विरुद्ध कापा' हा नियम इथे पूर्ण पाळता येत नाही. पातळ कापणं हाच उपाय. ३०० ग्रॅमला अर्धा चमचा मीठ, १ चमचा आलं-लसूण, अर्धा चमचा मिरीपूड आणि १ चमचा व्हिनेगर लावून २० मिनिटं ठेवा. जास्त वेळ ठेवलं तर आंबटाने बाहेरचा थर पिठूळ होतो. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा, २ चमचे तेल घाला आणि एका वेळी १५० ग्रॅमच टाका. सगळं एकदम ओतलं की कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि मांस परतलं न जाता उकडतं. तुमचं 'त्याहून वाईट' बहुधा इथेच झालं. प्रत्येक बाजूला दीड मिनिट, की ताटलीत काढा. त्याच कढईत उभा चिरलेला कांदा, हिरव्या मिरच्या आणि टोमॅटो परतून शेवटी मांस परत घाला, एकदा हलवा आणि उतरवा. गोव्यात 'चिली फ्राय' म्हणतात त्याच वळणाचं हे होतं.

सावकाश पद्धतीत चुकायची शक्यता कमी. ३ सेंटिमीटरचे तुकडे, १ वाटी पाणी, अर्धा चमचा मीठ, कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक आणि तिथून घड्याळ लावून २५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. साध्या पातेल्यात झाकण ठेवून दीड ते दोन तास लागतात. काटा सहज आत गेला की झालं. पाणी फेकू नका, रस्सा त्याच पाण्यात करा. घरात बॉटल मसाला (मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला मिश्र मसाला) असेल तर अर्ध्या किलोला २ चमचे पुरतात. आणि एक अपेक्षा आधीच बदला: दिल कितीही शिजलं तरी खांद्याच्या मटणासारखं सुटं सुटं होत नाही. मऊ झाल्यावरही दाताखाली थोडं घट्ट लागतं, ती त्याची जात आहे.

हिमोग्लोबिन कमी आहे. कलेजीची चव आवडत नाही. तिच्याऐवजी दिल खाल्लं तर चालेल का? कोलेस्टेरॉलचं काय? (ठाणे)

चालेल, पण बरोबरी होणार नाही. १०० ग्रॅम कच्च्या दिलात लोह साधारण पावणेपाच मिलिग्रॅम, डुकराच्या कलेजीत सुमारे २३. नुसत्या लोहाच्या शर्यतीत कलेजी कितीतरी पुढे आहे. मात्र साध्या डुकराच्या मटणात ते १ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्या मानाने दिल चौपट. शिवाय मांसातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीरात सहज शोषलं जातं. प्रौढ बाईला आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, तेव्हा आठवड्यातून एकदा दिल खाऊन हिमोग्लोबिन वर येईल असं समजू नका. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवा.

दिलाची खरी जमेची बाजू वेगळी. १०० ग्रॅममध्ये १७ ग्रॅम प्रथिनं आणि चरबी फक्त ४-५ ग्रॅम, बी-१२ दिवसभराची गरज भागेल इतकं, बी-२ आणि जस्तही चांगलं. दुसरी बाजू अ-जीवनसत्त्वाची. कलेजीत ते इतकं असतं की गरोदरपणात ती टाळायला सांगतात. दिलात ते नावालाच असतं, त्यामुळे ती भीती नाही; पूर्ण शिजलेलं हवं एवढंच.

कोलेस्टेरॉल १०० ग्रॅमला साधारण १३० मिलिग्रॅम, म्हणजे एका अंड्यापेक्षा कमी आणि कलेजीच्या निम्म्याहून कमी. यूरिक ॲसिड वाढलेलं असेल, गाऊट असेल, तर मात्र दिल आणि कलेजी दोन्ही टाळा. तिथे दिल स्नायू असण्याचा फायदा मिळत नाही.

सोरपोतेलमध्ये कलेजीचा चुरा होतो आणि दिल कच्चं राहतं. सगळं एकत्रच उकडतो. (सावंतवाडी)

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. गोव्याच्या सोरपोतेलचं मूळ पोर्तुगालच्या 'सारापातेल'मध्ये, आणि पदार्थ मिश्र: मटण, कलेजी, दिल, काही घरांत गुर्दा आणि रक्तही. प्रत्येकाचा वेळ वेगळा.

अर्धा किलो चरबीवालं मटण, पाव किलो कलेजी आणि एक दिल घेतलंत तर क्रम असा ठेवा. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात आधी साफ केलेलं दिल टाका, १५ मिनिटांनी मटणाचे मोठे तुकडे घाला आणि पुढे २५ मिनिटं उकडा. दोन्ही काढून घ्या. कलेजी अगदी शेवटी, त्याच पाण्यात ५ मिनिटं, आतून घट्ट होईपर्यंतच. उकडण्याचा हेतू मऊ करणं नाही, बारीक चौकोन कापता यावेत हा आहे. दिलाचे तुकडे ६ मिलिमीटरचे, मटणाचे आणि कलेजीचे थोडे मोठे. मग मटण स्वतःच्या चरबीत परता, नंतर दिल, शेवटी कलेजी.

मसाला व्हिनेगरमध्येच वाटा, पाण्यात नाही: १२ ते १५ काश्मिरी मिरच्या, १० लसूण पाकळ्या, बोटाचं पेर भर आलं, १ चमचा जिरं, १० मिरी, ६ लवंगा, दालचिनीचा एक तुकडा, अर्धा चमचा हळद, अर्धी वाटी माडाचं व्हिनेगर. दोन मोठे कांदे परतून त्यावर मसाला, मग दिल आणि मटण, उकडलेलं पाणी लागेल तसं, आणि मंद आचेवर ४० मिनिटं. परतलेली कलेजी शेवटच्या १५ मिनिटांत. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, व्हिनेगर त्याला खातं. स्टील किंवा मातीचं भांडं घ्या. पहिल्या दिवशी चव तुटक लागेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मसाला आत मुरतो. सोबतीला सान्नं (तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या) किंवा फुगे (तळलेले मैद्याचे गोळे) तेव्हाच करा.

पूर्वी सोरपोतेल आठवडाभर बाहेरच राहायचं, रोज गरम करून. आता का नको म्हणता? (मुंबई)

तेव्हा व्हिनेगर, मीठ आणि वर तरंगणारी चरबी तिन्ही भरपूर असायची. आज आपण तिन्ही कमी केलं आणि पद्धत तीच ठेवली. काही जिवाणूंचं विष उकळल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे रोज गरम केल्याने सगळं सुरक्षित होतं हा समज खरा नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तिथेही ते उत्तम मुरतं. खाण्यापुरतंच काढून खळखळून उकळा आणि तीन-चार दिवसांत संपवा. जास्त असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाका. कच्चं दिल फ्रिजमध्ये दोन दिवसांपलीकडे नको.

डुकराच्या मांसात जंत असतात म्हणतात. दिलात ते दिसतात का? (कोल्हापूर)

पट्टकृमीची (टेपवर्मची) पिल्लं स्नायूंत बसतात, आणि दिल स्नायू असल्यामुळे तिथेही सापडतात. दिसायला भाताच्या शितापासून वाटाण्याएवढे, पांढरट, पाण्याने भरलेले फोड. असे फोड दिसले तर तेवढाच भाग कापून बाकीचं ठेवू नका, सगळंच परत करा. त्या जनावराच्या इतर मांसातही ते असणार. एकही फोड दिसला नाही म्हणून अर्धकच्चं खाणंही योग्य नाही. आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस गाठलं की काळजी नाही. चार मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंनी नीट परतली तर तेवढी तापतेच, जाड तुकडे मात्र परतण्यावर सोडू नका. तपासणी झालेल्या दुकानातूनच घ्या. मोकाट फिरणाऱ्या डुकराचं मांस स्वस्त मिळालं तरी नको.

शिजवताना कधी कधी मूत्रासारखा वास येतो. धुण्यात कसर राहते का? (पणजी)

नाही. खच्ची न केलेल्या मोठ्या नराच्या चरबीत तो वास असतो आणि गरम झाल्यावरच सुटतो. दिलावरची चरबी पूर्ण काढली तर बराच कमी होतो. शंका असेल तर नखाएवढी चरबी तव्यावर तापवून हुंगा, आणि वास आला तर दुकानदाराला पुढच्या वेळी मादीचं किंवा खच्ची केलेल्या डुकराचं द्यायला सांगा.