शहरात आलेली साथ आडवळणाच्या खेड्यापर्यंत नेमकी कशी पोहोचते?

तुम्ही विचारलंय की करोनासारखा आजार विमानाने मोठ्या शहरात आला, इथवर समजतं. पण जिथे दिवसातून दोनदाच एसटी येते अशा गावात तो कसा शिरतो, आणि तिथे घरंच्या घरं एकदम कशी आजारी पडतात? मी धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात आरोग्यसेवक आहे. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं हाच प्रश्न घेऊन दारोदार फिरलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी किलोमीटर बाजूला ठेवा. आमच्या गावाला धुळं जवळ आणि सुरत लांब, पण साथीच्या हिशेबात सुरत जवळ. सुरत-भुसावळ लाइन नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर करत जाते, आणि सुरतेच्या उधना-लिंबायत भागात आमच्या प्रत्येक गल्लीतलं कुणी ना कुणी लूमवर नाहीतर साडीच्या कामाला आहे. धुळ्याला माणूस कोर्टकचेरी, दवाखाना असेल तरच जातो आणि संध्याकाळी परत येतो. सुरतेहून येणारा मात्र घरात राहतो, आईच्या हातचं जेवतो, भावाच्या पोरांना कडेवर घेतो, चार दिवसांनी पुन्हा गाडीत बसतो. कोण कुणाकडे किती वेळा जातं आणि गेल्यावर किती वेळ बसतं, याचा नकाशा काढला की साथीचा नकाशा आपोआप निघतो.

हे काही आजचं नाही. १९१८च्या इन्फ्लुएंझाला आमची आजी ‘मानमोडी’ म्हणायची. ती तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तो ताप जूनमध्ये मुंबईच्या गोदीकडून आला, पहिल्यांदा सौम्य होता, आणि सप्टेंबरपासून खरा मारायला लागला. एकट्या मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या दिवशी ७६८ माणसं गेली. मग रेल्वेने तो देशभर पोहोचवला, हे तेव्हाच्या सरकारी आरोग्य अहवालातही आहे. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, अंगात ताकद नाही. देशात एक कोटीहून जास्त माणसं मेली. १९२१च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या १९११पेक्षा कमी भरली, असं पुन्हा कधी झालं नाही. आजी सांगायची, घरात पाणी द्यायलाही कुणी उभं नव्हतं.

आता करोना. देशातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला केरळात सापडला, महाराष्ट्रातला ९ मार्चला पुण्यात, आणि आमच्या जिल्ह्यातला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साक्रीला. तोवर गाड्या बंद होऊन पंधरा दिवस उलटले होते, तरी माणसं येतच होती. सुरतेहून पोरं रुळाच्या कडेने चालत आली, दोनशेच्या वर किलोमीटर. एकाच्या चपलेचा तळ पार गेला होता, त्याने पायाला गोणपाट बांधलं होतं. आम्ही त्यांना झेडपीच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. एकेकाची आई रोज डबा फाटकाबाहेर ठेवायची आणि चिंचेखाली लांब उभी राहून त्याचं जेवण होईपर्यंत बघत बसायची. त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला होती. लेकी माहेरी आल्या नाहीत, झोके बांधले गेले नाहीत. आमच्याकडे आखाजीला लेक आली नाही असं वर्ष म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. पण पहिल्या लाटेत आमचं गाव वाचलं ते यामुळेच. येणारा प्रत्येक जण आमच्या वहीत होता.

जे वहीत आले नाहीत त्यांचं काय झालं, तेही सांगायला हवं. ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळावर झोप लागलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून पायी निघाले होते, भुसावळ गाठून मध्य प्रदेशची गाडी धरायला. भुसावळ आमच्याच खानदेशातलं. ते आकडे वाचून मी त्या दिवशी जेवलो नाही. गाडी थांबवली म्हणून घराकडे निघालेला माणूस थांबत नाही, तो फक्त आडरस्त्याला लागतो. मग त्याला ताप आहे का हे विचारायलाही तिथे कुणी नसतं.

दुसरी लाट वेगळी होती. विषाणू बदललेला, डेल्टा म्हणतात तो. जास्त वेगाने लागणारा. गाड्या सुरू, लग्नाच्या तिथ्या सुरू. एप्रिल २०२१मध्ये आमच्या एका गावात एक म्हातारे गृहस्थ वारले. घरच्यांनी सांगितलं टायफॉइड होता. तेव्हा सगळ्यांचाच टायफॉइड असायचा, कारण तपासणी केली की घरावर कागद लागेल ही भीती. दहाव्याला गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटल्याचा विधी, ठेवली. वीस माणसांची मर्यादा होती, मी आदल्या दिवशी जाऊन सांगून आलो. तिथली एक बाई मला म्हणाली, ‘भाऊ, नही गऊत ते लोके काय म्हनतीन?’ मी काय उत्तर देणार होतो? शंभरेक माणसं आली.

पुढचं मात्र नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पुरुष अंगणात मांडवाखाली बसले होते. बायका आतल्या घरात, साधारण बारा बाय दहाची खोली, ऊन लागतं म्हणून दार लोटलेलं, एकमेकींच्या गळ्यात पडून रडत, दोन-अडीच तास. त्यातल्या एका सुनेला सकाळपासून कणकण होती. पाचव्या-सहाव्या दिवशी फोन सुरू झाले. आतल्या खोलीतल्या चौदा बायका तापाने पडल्या. मांडवातले पुरुष दोन. जेवणाची पंगत एकच, पाण्याचा माठ एकच, माणसं त्याच घरची. फरक होता तो कोंडलेल्या हवेचा. आणि त्या चौदा जणी तोवर सहा गावांत आपापल्या घरी पोहोचल्या होत्या, एक उधन्याला. म्हणजे एका दुपारीतून सात ठिकाणी. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस आजार देऊ लागतो, त्यामुळे घरी पोहोचून स्वयंपाक करणारीला आपण काय घेऊन आलोय हे ठाऊकच नव्हतं.

तुम्हाला वाटेल प्रत्येक रुग्ण असाच पसरवतो. तसं नाही. २०२०मध्ये तामिळनाडू आणि आंध्रातल्या रुग्णांच्या संपर्कातल्या पाच लाखांहून जास्त लोकांचा मागोवा घेतला गेला, त्यात ७१ टक्के रुग्णांपासून सापडलेल्या संपर्कातल्या कुणालाच लागण झालेली दिसली नाही. थोड्या जणांकडून मात्र पुष्कळांना झाली. माझ्या वहीतही हेच दिसतं: कितीतरी नावांपुढे रेघ कोरी, आणि मधेच एका नावाखाली अख्खं पान. म्हणून साथ गावात हळूहळू चढत नाही. महिनाभर काही नसतं आणि मग एका बंद खोलीतून एकदम उसळते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका रात्रीत कसं काय झालं!

देशभराचं चित्रही तेच सांगतं. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या रक्ततपासणीत मे-जून २०२०ला शंभरातल्या एकालाही लागण होऊन गेलेली नव्हती, जून-जुलै २०२१ला ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं होती. आपला जळगाव जिल्हाही त्या पाहणीत होता.

लागण होणं वेगळं आणि मरणं वेगळं, हे शेवटचं. त्या चौदा जणींत एक मावशी होती, ऑक्सिमीटरवर ८२. गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले, खाट मिळेपर्यंत रात्र. ती वाचली नाही. शेजारच्या नंदुरबारला तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिल्या लाटेनंतरच ऑक्सिजनचे प्लांट बसवायला घेतले होते. लाट ओसरलेली असताना ते काम हाती घेणारा तो माणूस मला फार मोठा वाटतो.

आता तापाचा पेशंट आला की ‘बाहेरगावी गेला होतात का’ असं मी विचारत नाही. त्याला लोक नाहीच म्हणतात, कारण नातेवाईकांचं गाव त्यांना बाहेरगाव वाटतच नाही. मी विचारतो, पंधरा दिवसांत कुणाच्या दारावर बसायला (कुणी वारल्यावर भेटायला) गेला होतात, कुणाच्या हळदीला गेला होतात, घरात सुरतेहून कोण आलं होतं. मग माणूस आठवून आठवून सांगतो, आणि मी लिहून घेतो: बाहेर बसलात की आत, आणि दार उघडं होतं का.